पाणीवाले नाना सातपुड्यात

चुडामणनाना पाटलांनी अडतीस वर्षं जळगावात मेहरूणच्या बाजूला पाणी सोडलं. नोकरी व्हॉल्व्हमनची. खांद्यावर लोखंडी चावी, कमरेएवढ्या उंचीची, वर आडवी दांडी. सायकलच्या हँडलला टॉर्च. आणि पहाटे चारला घराबाहेर. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी खाली सोडायची, आटे मोजत फिरवायची, की पाच मिनिटांत गल्लीभर हंडे वाजायला लागायचे. सगळा भाग त्यांना पाणीवाले नाना म्हणायचा. "नाना, उद्या किती वाजता?" हा प्रश्न त्यांना लग्नात विचारला गेला, मयतीत विचारला गेला. एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असतानाच शेजारच्या पेशंटने विचारला. नानांनी बोटांनी सहा दाखवले. डॉक्टर म्हणाला, "सहावी दाढ? अहो, मघाशी चौथी म्हणालात!"

आता या नोकरीत सुट्टी नाही असं नव्हतं. सुट्टी होती, पण नाना घ्यायचे नाहीत. "मंग पानी कोन सोडी?" एवढं म्हणाले की त्यांच्या दृष्टीने विषय संपला. प्रमिलाबाईंच्या, म्हणजे नानांच्या बायकोच्या, धाकट्या बहिणीचं लग्न होतं धुळ्याला. नाना मंगलाष्टकापर्यंत थांबले, शेवटच्या 'सावधान'ला अक्षता टाकल्या आणि जेवणाची पंगत बसायच्या आत जळगावच्या गाडीत. एकदा तोरणमाळला जायचं ठरलं. पिशव्या भरल्या, दशम्या बांधल्या, चोपड्याच्या स्टँडपर्यंत पोचलेही. तिथे ओळखीचा एक कंडक्टर भेटला आणि सहज बोलून गेला, "नाना, तुमच्याकडे पाइप फुटला म्हणे." संपलं. दशम्या घरी येऊन खाल्ल्या.

प्रमिलाबाई बोलायला कमी, पण बोलल्या की नेमकं. एकदा त्या शेजारणीला म्हणाल्या, "ह्यास्नी मेहरूणमा पानी सोडं आन मी मन्ही बठ्ठी हौसवर." बठ्ठी म्हणजे सगळी.

तर या मे महिन्यात नाना निवृत्त झाले. शाल मिळाली, नारळ मिळाला, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. आणि सप्टेंबरात, गणपती उठल्यावर, मेहरूण तलावाला सकाळी फेऱ्या मारणाऱ्या सहा बायकांनी सातपुड्यात पायी फिरायचं ठरवलं. तीन दिवस, तीन झोपड्या. पहिल्या पाड्यावर एका घरी मुक्काम, दुसऱ्या दिवशी डोंगर चढून दुसऱ्या घरी, तिसऱ्या दिवशी अगदी वरच्या पाड्यावर तिसऱ्या घरी. तिथून खाली परत. सहा बायकांत प्रमिलाबाई होत्या. त्यांनी नानांना विचारलं नाही, सांगितलं.

"सहा बाया आन मी एकला गडी?" नाना म्हणाले.

"मंग? पित्तरपाटा शेत. ना कोनं लगीन, ना कोनी वास्तुशांत. सबब सांगाले जागाच नई." मग प्रमिलाबाईंनी पोळीचं लाटणं खाली ठेवलं. "आयका. तिसरी झोपडीलगून येनं शे. मधमाईन परत फिरनात, ते मी तुम्हले परत कव्हयच बलावाव नई. कठेच."

हे त्यांनी चिडून म्हटलं असतं तर नानांनी सोडून दिलं असतं. त्यांनी ते अगदी सहज म्हटलं आणि पुढची पोळी लाटायला घेतली. नानांनी माळ्यावरून पिशवी काढली.

शुक्रवारी जीपने यावलवरून डोंगराच्या पायथ्याला पोचले. वाट दाखवायला वेस्ता पावरा आला होता. पन्नाशीचा, काटक, आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेला, आणि स्वभावाने इतका शांत की नानांना पहिल्या तासातच त्याचा राग आला. "किती राहिलं?" विचारलं की वेस्ता म्हणायचा, "हे काय, आलंच." असं करत करत दोन डोंगर झाले. पायवाट चिकट, नानांचे बूट नवे, बोटं आतून सोललेली. पुढे सुनंदाबाई नावाच्या बाई मोठ्याने गाणी म्हणत चाललेल्या. या सुनंदाबाई सोनचाफा कॉलनीतल्या, नानांच्याच पाण्याच्या गिऱ्हाईक. दर दहा पावलांना मागे वळून म्हणायच्या, "नाना, प्रेशर कमी झालं का?" आणि बाकीच्या चौघी हसायच्या. प्रमिलाबाई हसायच्या नाहीत, पण पदर तोंडाला लावायच्या. ते नानांना जास्त लागायचं.

तीनच्या सुमारास पहिली झोपडी आली. ती वेस्ताचीच. कुडाच्या भिंती, कौलं, पुढे सारवलेला ओटा. नाना घामाने आणि चिखलाने न्हाले होते. त्यांनी बूट काढले आणि सवयीने विचारलं, "वेस्ताभाऊ, इथं पाणी किती वाजता येतं?"

वेस्ताने मान वर करून डोंगराकडे पाहिलं. "आज चारला येईल."

"किती वेळ असतं?"

"अर्धा तास. कधी तासभर."

"जोर कसा असतो?"

"जोरातच येतं. वरून येतं ना."

नाना खूश झाले. त्यांनी प्रमिलाबाईंना बोलावून सांगितलं, "देखं? पाड्यावर बी टायमाने पानी! वर टाकी बांधेल व्हई. उतार भरपूर शे, मोटर नको, काही नको." आणि ते तयारीला लागले. वेस्ताच्या घरातून दोन घमेली, एक हंडा, एक पत्र्याचा डबा मागून आणला. पावणेचारला कपडे काढून पंचा गुंडाळला, साबणाची वडी हातात घेतली आणि नळ शोधायला झोपडीभोवती एक फेरी मारली. नळ दिसेना. म्हणाले, पाड्यावर एखादा उघडाच पाइप असेल, पाणी आलं की दिसेल. ओट्याच्या कडेला दगडावर हंडा मांडून, पंचा सावरत, हातातल्या घड्याळावर नजर ठेवून बसले.

वेस्ताच्या घरच्यांना वाटलं, शहरात पावसाची अशीच वाट बघत असतील. 

चारला दोन मिनिटं कमी असताना डोंगरावरून ढग उतरला. चारला पाऊस असा कोसळला की नानांच्या हातातली वडी सुटून घमेल्यात पडली. सगळे ओट्यावर धावले, नाना एकटे अंगणात पंच्यावर उभे.

"वेस्ता! हे काय?"

"पाणी," वेस्ता म्हणाला. "तुम्ही विचारलं ना? चारला येईल म्हटलं होतं."

 नानांनी वाकून वडी उचलली आणि अंगाला साबण लावायला सुरुवात केली, दुसरं करणार काय? अंगभर फेस झाला आणि पाऊस थांबला. खडखडीत ऊन पडलं. सुनंदाबाई ओट्यावर आडव्या पडून हसत होत्या. शेवटी वेस्ताच्या घरच्यांनी घमेल्यात साठलेलं पाणी नानांच्या डोक्यावर ओतलं.

नानांना राग आला तो फजितीचा नाही. राग आला तो याचा, की वेस्ताने वेळ मिनिटावर सांगितली. "अडतीस वरीसमा मना हातून एवढं टायमावर सुटनं नई," असं ते ज्वारीची भाकरी आणि उडदाची डाळ खाताना दोनदा म्हणाले.

म्हणून शनिवारी सकाळी निघताना त्यांनी वेस्ताला विश्वासाने विचारलं, "आज?"

"आज नाही येणार."

आज पाच वेळा आलं. पहिल्या सरीला नानांनी रेनकोट घातला, टिचबटणं लावली, तर ऊन. काढून घडी करून पिशवीत कोंबला, तर सर. पुन्हा काढला तोवर नाना भिजलेले, आणि अंगात चढवला तर पुन्हा ऊन, आत वाफ. तिसऱ्यांदा त्यांनी तो घातलाच नाही, छत्री उघडली. खिंडीतल्या वाऱ्याने छत्री उलटी केली. चौथ्यांदा धुकं आलं आणि पुढच्या सुनंदाबाईसुद्धा दिसेनात, त्यांचं गाणंही ऐकू येईना झालं तेव्हा नानांना जरा बरं वाटलं.

"वेस्ता, तू आज नाही म्हणाला होतास!"

"काल अंदाज लागला. आज नाही लागला."

"अरे, अंदाजावर माणसं डोंगर चढतात का? काही पाळी असते, वेळ असते! असं मी मेहरूणात केलं असतं तर लोकांनी मला चावीसकट खड्ड्यात पुरलं असतं."

"तुमचं पाणी चावीत होतं, नाना," वेस्ता म्हणाला. "आमचं मोकळं आहे."

 नाना चिखलातून बूट उपसत चालले. दर अर्ध्या तासाला म्हणायचे, "आपन परत जाऊत." प्रमिलाबाई ऐकायच्या आणि चालत राहायच्या. साठीला टेकलेली बाई, पायात साध्या कापडी चपला, हातात वेस्ताने तोडून दिलेली काठी. पण कालपासून ती एकदाही घसरली नव्हती. नाना सहा वेळा घसरले. सातव्यांदा बसूनच राहिले. त्या परत फिरून त्यांच्याजवळ आल्या, हात पुढे केला आणि एवढंच म्हणाल्या, "अर्धं झायं."

दुसरी झोपडी वेस्ताच्या मेहुण्याची. तिथे अंधार पडायच्या आत पोचले, जेवले, झोपले. नाना मात्र पहाटे चारला टक्क जागे. आणि इथे एक गोष्ट सांगायची राहिली ती सांगायला हवी.

निवृत्त होताना नानांनी त्यांच्या जागी आलेल्या जितेंद्रला आपले सगळे व्हॉल्व्ह फिरून दाखवले. एक सोडून. तो सोनचाफा कॉलनीचा. चौदा वर्षांपूर्वी तिथला रस्ता झाला तेव्हा त्या व्हॉल्व्हचं झाकण डांबराखाली गेलं. नानांनी एका पहाटे शेजारून, एका घराच्या पायरीलगत, चावी जाईल एवढं भोक पाडलं आणि फरशीचा तुकडा टाकून झाकलं. नकाशात नाही, कागदावर नाही, नानांच्या डोक्यात. आटेही उलटे, उजवीकडे फिरवलं तर उघडणारा. जितेंद्रला तो सांगायचा, असं त्यांनी जून महिन्यात ठरवलं. जुलैत ठरवलं. पण तो सांगितला की मग नानांजवळ काय उरणार होतं? भिंतीवरचं घड्याळ. म्हणून ते एक दिवसाआड पहाटे उठत, 'गुडघ्यासाठे फिरी येस' म्हणून बाहेर पडत, अंगणातल्या जुन्या चावीने सोनचाफ्याचं पाणी सोडत, सव्वा तासाने बंद करत आणि उजाडायच्या आत घरी. घरात कोणाला पत्ता नव्हता. शुक्रवारी निघायच्या आधी सोडून आले होते. आज रविवार, पाळीचा दिवस. एक पाळी हुकेल, मंगळवारी जास्त सोडू, असा त्यांचा हिशोब.

सकाळी कोरा चहा झाल्यावर वेस्ताच्या मेहुण्याने सांगितलं, तो समोरचा टेकाडावरचा दगड आहे ना, त्यावर उभं राहिलं की फोन लागतो. नाना चढले. चढताक्षणी फोन वाजला. कानाने जरा कमी ऐकू येतं म्हणून नाना स्पीकरवरच बोलतात.

"नाना!" जितेंद्र होता. "कधीपासून लावतोय! सोनचाफ्याला पाणी नाही!"

"येईल. थांब जरा."

"कुठून येईल? नाना, नकाशात तिथं व्हॉल्व्हच नाही! चार महिने आपोआप येत होतं, आज आलं नाही. इथं एका घरी पित्तर आहे, चाळीस पानं जेवायची आहेत. आचारी रिकामं पातेलं घेऊन माझ्यासमोर उभा आहे. सगळी कॉलनी म्हणतेय, नानांना विचारा."

सगळी कॉलनी म्हणतेय. नानांची छाती भिजलेल्या सदऱ्यातसुद्धा फुगली. त्यांनी दगडावरून खाली पाहिलं. झोपडीपुढे मागच्या कच्च्या रस्त्याने आलेली जीप उभी होती, बाजाराला जाणारी माणसं तिच्यात चढत होती. जीपने यावल, तिथून एसटी. एक वाजेपर्यंत मेहरूण.

"जितेंद्र, कोणाला काही सांगू नको. मी येतो," नाना म्हणाले.

आणि मागे वळले, तर दगडाखाली प्रमिलाबाई उभ्या. त्यांना शेवटचं तेवढंच नाही, सगळंच ऐकू आलं होतं.

"चार महिना आपोआप येत व्हतं?" त्या म्हणाल्या.

नानांनी फोन खिशात टाकला.

"तुम्ही फिराले जात व्हतात ना? गुडघासाठे?"

"मी फक्त... एकच ठेयेल व्हता," नाना म्हणाले. "एकच."

प्रमिलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. भांडल्या असत्या तर नानांना उत्तरं तयार होती, अडतीस वर्षांची. त्या भांडल्या नाहीत. काठी उचलली, वेस्ताला म्हणाल्या, "चला भाऊ," आणि वरच्या वाटेला लागल्या. बाकी बायकाही निघाल्या. सुनंदाबाई तेवढ्या रेंगाळल्या. "नाना, जीप भरत आली बरं. आणि आमच्या कॉलनीत पाणी नाही, हे खरं का?"

जीपवाल्याने हॉर्न दिला. नाना दगडावरून उतरले, जीपपर्यंत गेले, पिशवी आत ठेवली, एक पाय पायरीवर ठेवला. वरच्या वाटेवर प्रमिलाबाईंची निळी साडी झाडीत शिरत होती. ती मागे वळून बघत नव्हती. म्हणजे ती धरून चालली होती की हे गेले. चोपड्याच्या स्टँडवर निदान तिने विचारलं तरी होतं, "खरंच परत जानं शे?"

"बसताय का, आबा?" जीपवाला म्हणाला.

"बसतोय कशाला, काय जबरदस्ती आहे?" नाना त्याच्यावरच खेकसले, पिशवी ओढून काढली आणि पुन्हा टेकाड चढायला लागले. अर्ध्यात पाऊस आला, अर्थात. दगडावर पोचले तर फोनला रेंज नाही. ढग अंगावर बसलेला. नाना दगडाच्या या टोकाला गेले, त्या टोकाला गेले, फोन डोक्यावर धरला. लागला.

"जितेंद्र, ऐक." नाना हळू आवाजात, हाताचा आडोसा करून बोलले. "सोनचाफ्याचा व्हॉल्व्ह आहे."

"काय? ऐकू येत नाही!"

"व्हॉल्व्ह आहे!"

"मोठ्याने, नाना!"

आता बघा, चौदा वर्षं जे नानांनी बायकोलासुद्धा कुजबुजून सांगितलं नव्हतं, ते त्यांना सातपुड्याच्या डोक्यावर उभं राहून बोंबलून सांगावं लागलं. "तिसऱ्या गल्लीत! उजव्या हाताला! चौथं घर! पायरीलगत तुळशीची कुंडी! कुंडी सरकव! कुंडी!"

"हंडी?"

"कुंडी! कुंडी! खाली फरशी! फरशीखाली भोक!"

वरच्या वाटेवरून, धुक्यातून, सुनंदाबाईंची किंकाळी आली. "अहो, ती माझी कुंडी! चौदा वर्षं ती एक दिवसाआड हललेली असते, मी शेजाऱ्यांच्या कुत्र्याला शिव्या घालते!"

"चावी घाल! उजवीकडे फिरव! उजवीकडे! आटे उलटे आहेत!"

"उलटीकडे?"

"उजवीकडे रे बाबा! जेवतोस त्या हाताकडे!" समोरच्या पाड्यावरची माणसं ओट्यावर येऊन बघायला लागली. नानांचा आवाज बसला. "बावीस आटे! सव्वा तासाने बंद कर! लिहून ठेव! आता तुझं तू!"

फोन कट झाला. जितेंद्रने काय ऐकलं, किती ऐकलं, कळायला मार्ग नाही. खाली जीप निघून गेली होती. नाना दगडावर पाच मिनिटं उभे राहिले. फोन आला नाही. मग पिशवी खांद्याला मारून, सगळ्यांना शिव्या देत, म्हणजे पावसाला, जितेंद्रला, बुटांना, कुंडी घट्ट न ठेवणाऱ्या सुनंदाबाईंना, ते वाटेला लागले.

पाऊण तासाने नाल्याशी सगळी मंडळी सापडली. नाल्याला लाल पाणी भरून आलं होतं, वेस्ता ते उतरायची वाट बघत दगडावर बसला होता. प्रमिलाबाई त्याच्यापलीकडे. नाना येऊन धापा टाकत उभे राहिले.

"जीप गई का?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"गई."

"आन पानी?"

"माले काय म्हाईत? सापडनं तर सोडी. नई तर आचारी देखी लेवो." नानांचा गळा असा बसला होता की राग आहे की रडू, समजेना. "बठ्ठं सांगी टाकं. आते मनाकडे एक बी नई."

 प्रमिलाबाईंनी पदराने शेजारचा दगड पुसला. नाना बसले. तासाभराने पाणी गुडघ्याखाली आलं. वेस्ताने एकेकाला हात धरून पलीकडे नेलं, सुनंदाबाईंना नेताना एवढंच म्हणाला, "अक्का, गाणं पलीकडे गेल्यावर."

तिसरी झोपडी गुंताबाईंची. सत्तरीच्या, एकट्या, पाठ ताठ. या ओट्यावरून तापीपर्यंतचा सगळा मुलूख दिसतो, असं वेस्ता तीन दिवस सांगत होता. नाना पोचले तेव्हा धुक्यात समोरची कोंबडी दिसत नव्हती. "याच्यासाठी?" नाना म्हणाले. "याच्यासाठी मी चौदा वर्षांचा..." आणि खोकला आला.

गुंताबाई मक्याच्या कणसांच्या ढिगापुढे बसल्या होत्या. त्यांना मराठी बेताचंच, पण पाहुण्याची चौकशी करायची रीत पक्की. प्रत्येकीला नाव विचारलं, गाव विचारलं, काय करतेस विचारलं. बायकांनी सांगितलं. कोणी शाळेत, कोणी घरी, कोणाची पापडांची मशीन. मग गुंताबाईंनी नानांकडे बोट केलं.

"आणि तू? तू काय करतो?"

नानांनी तोंड उघडलं. अडतीस वर्षं आणि वर चार महिने या प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, पाणी सोडतो. ते आता जिभेवर आलं आणि तिथेच थांबलं. सगळ्याजणी बघत होत्या. सुनंदाबाईंनासुद्धा त्या वेळी थट्टा सुचली नाही.

"ह्या मनासंगे येल शेतस," प्रमिलाबाई म्हणाल्या.

गुंताबाईंना एवढी ओळख पुरेशी वाटली. त्यांनी चार कणसं उचलून नानांच्या मांडीवर टाकली. "मग बस. मका सोल."

नाना बसले. पहिल्याच कणसाची सालं ओली, चिवट. नखं मोडायची वेळ आली. "हे वाळवल्याशिवाय सोलतं का कोणी?" ते वेस्ताकडे बघून चिरक्या आवाजात करवादले. प्रमिलाबाई त्यांच्या शेजारी सरकल्या, टोकाकडून साल कशी धरायची ते दाखवलं, आणि आपल्या पुढ्यातली दोन कणसं नानांच्या ढिगात ढकलली.